‘माझा!’ म्हणणारा गोली

विश्राम उतेकर मैदानावर फार बोलत नसे. तो गोलकीपर होता. आमच्याकडे गोली म्हणतात. सामना चालू असताना त्याच्या तोंडून बहुतेक एकच शब्द निघायचा, पण तो महाडच्या मैदानावरून नदीपलीकडे ऐकू जाईल असा निघायचा. "माझा!"

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगतो. चेंडू उंच उडून गोलकडे येतो तेव्हा गोली आणि त्याच्याच बाजूचे बॅक, सगळेच त्याच्याकडे धावतात. दोघांनी एकाच वेळी घ्यायचा म्हटलं की डोकी आपटतात आणि चेंडू जाळ्यात जातो. म्हणून गोली पुढे येताना ओरडतो, "माझा!" तो शब्द कानावर आला की बाकीच्यांनी अंग काढून घ्यायचं. विश्राम नव्या खेळाडूंना पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचा. "माझा म्हटल्यावर मदतसुद्धा करायची नाही," तो म्हणायचा. "निम्मे गोल मदतीनेच होतात."

नदीपलीकडे आवाज खरंच जायचा का, ते मी तपासलेलं नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यात आलेला माल मोजून घेण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे न मोजलेली गोष्ट लिहिताना हात अडखळतो. मी स्वतः फुटबॉलला कधी पाय लावलेला नाही. मे महिन्यातल्या आमच्या स्पर्धेत घड्याळ सांभाळायचं काम माझ्याकडे असे. घड्याळाचं टेबल रेषेला लागून, म्हणून पाहायला मिळालं ते जवळून. आता विश्रामबद्दल बरंच काही सांगितलं जातं. त्याने एका सामन्यात सात पेनल्टी अडवल्या, असं एक गृहस्थ परवा माझ्याच ओटीवर बसून मला सांगत होते. सात नव्हत्या. तीन होत्या, आणि त्यांतली एक खांबाने अडवली. विश्राम होता तेवढा पुरेसा मोठा होता. त्यात भर घालायची गरज नाही.

तो पोलादपूरच्या वरचा, आंबेनळी घाटाच्या रस्त्याजवळच्या एका वाडीतला. वडील मुंबईला गोदीत होते, ते लवकर गेले. शिकायला म्हणून तो महाडला आला आणि सुट्टीच्या दिवशी हमीदभाईंच्या गाड्यांवर माल उतरवायला जाऊ लागला. हमीदभाईंचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता आणि फुटबॉलची टीम होती. व्यवसाय काय, असं विचारलं तर ते आधी टीम सांगत.

एका सकाळी मंगलोरी कौलांचा ट्रक रिकामा होत होता. वरचा माणूस कौल खाली सोडतो, खालचा झेलून पुढच्याला देतो, अशी साखळी असते. हमीदभाई चहा पीत खुर्चीत बसले होते. प्रत्येकाच्या हातात कौल पडताना टप्प असा आवाज येत होता. एकाच्या हातात येत नव्हता.

"ए, तुझ्या हातात कौल वाजत कसं नाय रे?"

"वाजलं म्हणजे तडकलं, भाई. हात कौलासंगं जरा मागं न्यायचा."

"फुटबॉल खेळतोस?"

"नाय."

"उद्यापासून खेळतोस."

हे मी हमीदभाई आणि विश्राम या दोघांकडूनही वेगवेगळं ऐकलेलं आहे आणि दोघांचं जुळतं, म्हणून लिहितो.

विश्रामच्या सवयी ठरलेल्या होत्या. सामन्याआधी तो मीठ घातलेली तांदळाची पेज प्यायचा, दुसरं काही नाही. बाकीचे खेळाडू कपडे बदलून मैदानात पळाले की त्यांचे इकडेतिकडे टाकलेले शर्ट तो घड्या घालून एकावर एक ठेवायचा आणि मग सावकाश गोलमध्ये जायचा. "बघू" हा शब्द त्याच्याकडे नव्हता. त्याला काही विचारलं की "हो" किंवा "नाही". लग्नाच्या जेवणाला येतोस का, तर "नाही". का, तर "मला नाही यायचं." सुरुवातीला लोकांना राग यायचा. नंतर कळलं की हा "हो" म्हणाला की मग तो नक्की येतो, पत्रावळी मांडायच्या वेळेपासून येतो.

आणि पेनल्टी. पेनल्टी मारणारा चेंडू ठेवून मागे सरकला, धावायला निघणार, की विश्राम खांबांच्या मधून त्याला आपुलकीने विचारायचा, "जेवलास का?"

एकदा बाहेरच्या टीमचा एक दांडगा फॉरवर्ड यावर थबकला आणि म्हणाला, "हो, मटण होतं." मग धावला आणि चेंडू त्याने आमच्या घड्याळाच्या टेबलाकडे पाठवला. त्याच्या कप्तानाने रेफ्रीकडे तक्रार केली. रेफ्री महाडचेच एक पीटीचे मास्तर. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "विचारपूस करायला नियमात बंदी नाही."

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे मुंबईच्या एका क्लबने विश्रामला करारावर घेतलं. फुटबॉल खेळून पगार मिळवणारा, आमच्या दोन तालुक्यांतला माझ्या माहितीतला तो पहिला. हमीदभाईंनी त्या दिवशी ट्रकच्या टपावर चढून हॉर्न दाबायला लावला होता. मोठा मोसम संपला की मे महिन्यात तो आमच्या टीमकडून खेळायला यायचा, आणि दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्याच्याबरोबर देवेन आला.

"हा देवेन. आम्ही एकत्र राहतो," विश्रामने सांगितलं. मुंबईत खोल्यांची अडचण सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही.

देवेन अमरावतीकडचा. एका शाळेत चित्रकला शिकवायचा. फुटबॉल त्याला काही केल्या कळत नसे. ऑफसाइड म्हणजे काय ते विश्रामने त्याला चहाच्या कपांनी दाखवलं, हमीदभाईंनी बिस्किटांनी दाखवलं. त्याने कप विसळून ठेवले आणि बिस्किटं खाल्ली. पण प्रत्येक सामन्याआधी तो रेषेजवळ यायचा आणि विश्रामच्या डाव्या मनगटाला एक पिवळी पट्टी घट्ट बांधायचा. मनगटाला जुनी दुखापत होती. पट्टी साध्या मांजरपाटाची, देवेनने हळदीत रंगवलेली. बांधून झाली की विश्राम मूठ दोनदा उघडमिट करायचा आणि मान हलवायचा. एवढंच. मी टेबलावर बसून ते दर वर्षी बघायचो.

एका शिमग्याला विश्रामने मला आणि माझ्या पत्नीला वाडीत बोलावलं. मुंबईची माणसं गावी आलेली, अंगणात वर्दळ. विश्रामचे काका बाजेवर बसून होते. त्यांनी त्याला हाक मारली.

"विश्रा, इकडं ये रे. तुझ्यासाठी मुलगी बघितली हाय. नात्यातली."

"नात्यातली?" विश्राम म्हणाला. "आपल्यात नात्यात लग्नं होत नाय, काका."

"अरे नात्यातली म्हणजे नाते गावातली! एसटी थांबते तिथली!"

अंगणात हसू फुटलं. विश्रामही हसला. मग तो जमिनीवर काकांच्या समोर बसला.

"काका, नात्यातली नको नि नाते गावातली पण नको. माझं जमलंय."

"हां! मग सांगायचं नाय? कोणाशी?"

ओटीवर देवेन विळीवर नारळ खवत बसला होता. शेजारी विश्रामची आई सूप घेऊन बसली होती. विश्रामने त्या दिशेला पाहिलं आणि म्हणाला, "देवेनशी."

काकांनी एकदा विश्रामकडे, एकदा ओटीकडे पाहिलं. देवेनचा हात विळीवर तसाच राहिला. त्याचा चेहरा नारळासारखा पांढरा झाला होता.

विश्रामच्या आईने सुपातले तांदूळ पाखडणं थांबवलं नाही. "नारळ खवलास का सगळा?" तिने देवेनला विचारलं.

"हो, आई."

"मग ऊठ. काकांना चा दे. त्यांच्या घशात काय तरी अडकलंय."

काका चहा प्यायले. लग्नाचा विषय त्यांनी नंतर काढला नाही. पुढच्या शिमग्याला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्या शिमग्याला आले. हे दोन्ही खरं आहे.

उतरताना गाडीत मी पत्नीला म्हटलं, "मला वाटलं होतं खोलीभाड्यासाठी एकत्र राहतात." ती म्हणाली, "पट्टी बांधताना तुम्ही दर वर्षी समोर बसता ना? मग बघता काय, घड्याळ?"

तेव्हा आमच्याकडे या गोष्टीला सभ्य शब्द नव्हता. जे होते ते शिव्या होत्या. समलिंगी हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला होता, बोलताना कधी वापरला नव्हता. कायदाही तेव्हा त्यांच्या बाजूने नव्हता. मला नीट शब्द वापरायची सवय, म्हणून मी विश्रामला सरळ विचारलं की तुम्हा दोघांना कोणत्या शब्दाने ओळखायचं. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही आतापर्यंत विश्राम म्हणायचात. तेच चालेल."

त्यानंतर दोनेक वर्षांनी क्लबमध्ये प्रकरण निघालं. एका छोट्या सायंदैनिकात नाव न घेता चार ओळी आल्या, पण गोली कोण ते सगळ्यांना कळावं अशा. विश्राम तेव्हा क्लबचा कप्तान होण्याच्या बेतात होता. पुढचं मी त्याच्याच तोंडून ऐकलं, हमीदभाईंच्या गोदामात, सिमेंटच्या गोण्यांवर बसून.

"मॅनेजर म्हणाला, कॅप्टनची पट्टी तुझीच आहे. फक्त पेपरवाल्यांना सांग की अफवा आहे, लग्न ठरलंय. आणि त्या मित्राला मैदानावर आणू नकोस."

"तू काय म्हणालास?" हमीदभाईंनी विचारलं.

"म्हटलं, अफवा नाही. खोटं बोलणार नाही. आणि खरं कोणाला, केव्हा सांगायचं ते मी ठरवणार."

"शाब्बास."

"थांबा भाई, पुढे ऐका. मुंबईत आमच्यासारख्यांच्या हक्कांसाठी झटणारे लोक आहेत. देवेनचे मित्रच. चांगली माणसं. मार खाल्लाय त्यांनी. ते म्हणाले, स्टेजवर ये, तू फुटबॉलवाला, तू बोललास तर कितीतरी पोरांना धीर येईल. त्यांनाही म्हटलं, येईन, पण माझ्या वेळेला. मॅनेजर मला आत ढकलतोय, हे बाहेर ओढतायत. अहो, मी गोली आहे. बाहेर कधी यायचं ते गोलीने ठरवायचं असतं. चुकीच्या वेळी बाहेर आलो तर गोल मलाच बसणार."

क्लबने त्याचा करार पुढे चालू ठेवला नाही. कारण लिहिलं होतं, मनगटाची दुखापत. त्याच मोसमात त्याने सर्वांत कमी गोल खाल्ले होते, हे मी वर्तमानपत्रातले निकाल जोडून पाहिलं होतं.

म्हणजे त्या मे महिन्यात तो आला तेव्हा हाताशी क्लब नव्हता, आणि बातमी त्याच्याआधी महाडला पोचली होती. आता राहिलं होतं फक्त आमचं मैदान. तेही राहतं की नाही, हे गोदामातल्या कमिटीच्या बैठकीत ठरायचं होतं.

अध्यक्ष तात्या, बाजारपेठेतले कापड दुकानदार. वाईट माणूस नव्हे, पण गिऱ्हाईक नाराज होईल या भीतीत आयुष्य काढलेले. ते म्हणाले, "माझं म्हणणं एवढंच की यंदा विश्रामला विश्रांती देऊ."

"नाव विश्राम हाय म्हणून काय कायमचा बसवणार त्याला?" हमीदभाई म्हणाले.

"तसं नाही हो. बायकामुलं येतात सामन्याला. लोक बोलतात."

"लोक काय बोलतात?"

"ते... त्याच्या घरातलं."

"तात्या, तुमच्या घरातलं कमिटीने कधी विचारलंय? माझ्या घरातलं विचारलंय? माझी बायको मला काय काय बोलते ते कमिटीला कळलं तर मला कोणी शिट्टीसुद्धा देणार नाय." सगळे हसले. हमीदभाई हसले नाहीत. "बॉल अडवतो तो खेळणार. दुसरा गोली चांगला असेल तर आणा, मी विश्रामला स्वतः सांगतो बस म्हणून."

दुसरा गोली नव्हता. तात्यांनी चष्मा पुसला आणि विषय मांडवाकडे नेला.

अंतिम सामन्याच्या सकाळी टीम मैदानात जमली तेव्हा लेफ्ट हाफने, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे खेळणाऱ्या पोराने, एक कागदी पुडकं उघडलं. आत पिवळ्या पट्ट्या. त्याच्या आईने हळदीत रंगवलेल्या. आज सगळ्यांनी विश्रामसारखी पट्टी मनगटाला बांधायची, म्हणजे येणाऱ्यांना कळेल की आपण कोणाच्या बाजूला आहोत, असं त्याचं म्हणणं.

विश्राम गोंधळला. "अरे, माझं मनगट दुखतं म्हणून आहे ती. तुमची दुखतात का?"

"दुखतात," लेफ्ट हाफ म्हणाला. "आजपासून."

एकेकाने पट्टी घेतली. दत्ता शेलारने हात पुढे केला नाही. दत्ता आमचा स्टॉपर, म्हणजे गोलीच्या अगदी पुढचा बॅक. भाताच्या गिरणीत कामाला, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं. आठ वर्षं तो विश्रामच्या पुढे उभा राहत आला होता.

"मी नाही बांधणार," तो म्हणाला.

"का?"

"विश्राम माझा गोली आहे. त्याच्यासाठी तोंडावर लाथ खाल्लीय मी. पण ही गोष्ट मला पटत नाही. जे पटत नाही ते मी हाताला बांधून फिरणार नाही."

एकदम गलका झाला. कोणी म्हणालं मग खेळू नकोस, कोणी म्हणालं माळ घालून असा वागतोस. हमीदभाईंचा चेहरा लाल झाला. "दत्ता, पट्टी बांध नाहीतर शर्ट काढ!"

"भाई, थांबा," विश्राम म्हणाला. त्याने दत्ताची पट्टी पुडक्यातून उचलली आणि घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली. "ज्याला बांधायचीय त्याने बांधावी, मला बरं वाटेल. त्याला नाही बांधायची. दमदाटी करून बांधलीत तर तुमच्यात नि त्या मॅनेजरमध्ये फरक काय राहिला? त्याला पण माझ्याकडून हवं तेच वदवून घ्यायचं होतं." मग तो दत्ताकडे वळला. "तू मला एक सांग. मी 'माझा' म्हटल्यावर बाजूला होशील ना?"

"आजवर झालो नाही असं कधी झालंय?"

"मग झालं. चल, पेज पिऊया."

दत्ता पेज प्यायला. दोघं एकमेकांशेजारी बसून प्यायले.

सामना बाहेरच्या तालुक्याच्या टीमशी होता. त्यांच्याबरोबर टेम्पो भरून माणसं आली होती आणि ती थेट विश्रामच्या गोलमागे जाऊन उभी राहिली. बातमी त्यांच्यापर्यंतही गेली होती.

"ए वहिनी! बांगड्या सांभाळ!"

"वहिनी, पदर पडला गो!"

विश्राम मागे वळला. "वहिनी म्हणताय तर या, आधी पाया पडा," तो म्हणाला. त्यांच्यातलेच दोघे-तिघे हसले. बाकीच्यांना हसण्याचा राग आला. त्यांनी तेलाचे रिकामे डबे आणले होते. ते त्यांनी काठ्यांनी बडवायला सुरुवात केली. चेंडू आमच्या अर्ध्यात आला की डबे वाजत आणि "वहिनी, वहिनी" असा गजर होई.

पूर्वार्ध संपत आला होता. त्यांना कॉर्नर मिळाला, म्हणजे कोपऱ्यातून चेंडू गोलसमोर मारायची संधी. चेंडू उंच, वळत आला. विश्राम बाहेर निघाला, त्याचं तोंड उघडलेलं मला टेबलावरून दिसलं. शब्द ऐकू आला नाही. मला नाही आला आणि त्याच्या दोन हातांवर असलेल्या दत्तालाही नाही आला. दत्ताने उडी मारली, चेंडू त्याच्या डोक्याला लागला आणि विश्रामच्या हातांवरून आमच्याच जाळ्यात गेला.

डबे थांबले. मग दुप्पट वाजले.

आमच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "पट्टी बांधली नाही तेव्हाच कळलं होतं!" दुसऱ्याने शिवी दिली. दत्ता जमिनीवर बसला होता, दोन्ही हात माळेवर. विश्रामने त्याला बगलेत हात घालून उठवलं. मध्यंतराला ते टेबलाजवळून गेले तेव्हा मी ऐकलं.

"विश्राम, माळेची शपथ. ऐकू आलं नाही."

"माहितीय. मलाच माझा आवाज आला नाही."

"लोक म्हणतायत मुद्दाम..."

"लोकांच्या कानात पण डबेच वाजतायत."

उत्तरार्धात बाजू बदलल्या. टेम्पोवालेही डबे घेऊन पलीकडच्या गोलमागे गेले. काही वेळाने पुन्हा कॉर्नर. पुन्हा डबे. मारणारा चेंडू ठेवत होता. दत्ता ज्या खेळाडूला रोखून उभा होता त्याला सोडून वळला, गोलच्या खांबापर्यंत चालत गेला आणि त्या गर्दीसमोर उभा राहिला. मनगट उघडं, गळ्यात माळ. गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय असलेला गळा. तो ओरडला, "गप! आमचा आहे तो! आमचा!"

डबे क्षणभर चुकले. तेवढ्यात आमच्या बाजूने, बायका बसल्या होत्या तिकडून, कोणीतरी म्हणालं, "आमचा!" ती हमीदभाईंची बायको होती, हे मी पाहिलं. मग माझी पत्नी. मग देवेन, ज्याला कॉर्नर म्हणजे काय ते अजून कळलेलं नव्हतं. मग सगळं मैदान. "आमचा! आमचा!" डबे त्याखाली बुडाले आणि शेवटी काठ्या थांबल्या.

आणि मग एक गोष्ट घडली, ती करायला कोणी सांगितलं नव्हतं. मारणाऱ्याचा पाय चेंडूला लागला आणि आमचं सगळं मैदान एकदम गप्प झालं. त्या शांततेत विश्रामचा शब्द आला.

"माझा!"

दत्ता बाजूला झाला. विश्रामने चेंडू झेलला, हात मागे नेत, आवाज न करता.

उरलेला सगळा वेळ असंच चाललं. चेंडू थांबलेला असला की "आमचा", चेंडू हवेत गेला की चिडीचूप. हमीदभाई रेषेवर उभे राहून दोन्ही हातांनी लोकांना गप्प करत होते, पण त्याची गरज नव्हती. लोकांना कळलं होतं.

तो सामना आपण जिंकलो असं आता सांगतात. नाही. आम्ही एक-शून्य हरलो, आणि तो एक गोलही आमचाच. पण माझ्या एवढ्या वर्षांत हरलेल्या टीमला खांद्यावर घेतलेलं मी तेव्हाच पाहिलं. खांद्यावर दोघे होते. विश्राम, आणि नको नको म्हणणारा दत्ता.

बक्षीस समारंभात उत्कृष्ट गोलीचा चषक विश्रामला मिळाला. तात्यांनी रिवाजाप्रमाणे माईक पुढे केला आणि दोन शब्द बोल म्हणाले. विश्राम कधी बोलत नसे, चषक घेऊन उतरत असे. त्या दिवशी त्याने चषक पायरीवर ठेवला आणि माईक घेतला. काय बोलायचं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं, काय बोलायचं नाही तेही नाही.

"देवेन, वर ये," तो म्हणाला.

देवेन वर आला. हातात रिकामी पिशवी होती, ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

"हा देवेन. आम्ही एका घरात राहतो. भाडं परवडत नाही म्हणून नाही." तो थांबला. मग त्याने मैदानावरचा तो शब्द उच्चारला, पण या वेळी हळू, घरातल्यासारखा. "माझा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, असं सांगतात. सगळ्यांनी नाही वाजवल्या. पुढच्या रांगेतले दोन मानकरी उठून गेले. पण बऱ्याच जणांनी वाजवल्या. तात्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग वाजवल्या. दत्ताने वाजवल्या नाहीत. त्याने स्टेजच्या पायरीवरचा विश्रामचा चषक उचलला आणि पंच्याने पुसून ठेवला. वाडीतून आलेली विश्रामची आई माझ्या पत्नीशेजारी बसली होती. ती म्हणाली, "एवढं सांगाया माईक कशाला लागतो? मला तर भाकरी थापताना सांगितलेलं."

त्यानंतर तो मुंबईला, हक्कांसाठी झटणाऱ्या देवेनच्या मित्रांच्या स्टेजवरही गेला. सांगितल्याप्रमाणे, त्याच्या वेळेला. तिथे तो काय बोलला ते मला माहीत नाही, मी नव्हतो.

पुढच्या वर्षी गोव्याच्या एका क्लबने त्याला गोलींना शिकवायला बोलावलं. मुलाखतीत त्यांनी विचारायच्या आधीच त्याने सांगून टाकलं की देवेन आणि आपण, दोघं येणार. त्यांनी फक्त विचारलं, सकाळी मैदानावर किती वाजता येशील?

निघाले तेव्हा महाडच्या स्टँडवर आम्ही पोचवायला गेलो होतो. पणजीची गाडी लागली होती. सामान टपावर टाकायचं होतं. विश्राम मागच्या शिडीने वर चढला, दत्ता खालून एकेक नग वर भिरकावू लागला. देवेनच्या चित्रांच्या सुरळ्या, वळकटी, आईने दिलेली तांदळाची गोणपाटाची पिशवी. शेवटी एक भलामोठा कोहळा. दत्ताने तो वर टाकला तेव्हा देवेन शिडीवर अर्ध्यात होता आणि त्याने घाबरून हात पुढे केले.

"माझा!" वरून आवाज आला.

देवेनने हात मागे घेतले. एवढी वर्षं फुटबॉल न कळलेल्या माणसाला एवढं मात्र कळत होतं. कोहळा विश्रामच्या हातात पडला, वाजला नाही.

कंडक्टर चिडून मागे आला. "ओ, तो टपावरचा माणूस कोणाचा? गाडी सोडायचीय!"

"आमचा," दत्ता म्हणाला. हमीदभाईही म्हणाले आणि मीही म्हणालो. तिघांचं एकाच वेळी निघालं.

"तुमचा तर उतरवून घ्या आणि ठेवा इथेच!"

"नाही हो," हमीदभाई म्हणाले. "जायचं त्याने ठरवलंय."

दत्ताने खालून शिडी धरली. विश्राम उतरला आणि गाडीत चढला.